साक्ष देणाऱ्या माणसाचं दुखणं

"ताई, हे रोज किती घेतात?" डॉक्टरांनी मला वॉर्डाबाहेर बोलावून विचारलं.

मी म्हटलं, "चहा?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "दारू. तुमच्या यजमानांना अल्कोहोल विथड्रॉवल डिलिरियम झालाय. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांनी मेंदू बिथरतो, भान जातं, नसलेलं दिसायला लागतं. यात माणूस दगावतोसुद्धा. खरं सांगा, म्हणजे मला औषध ठरवता येईल."

मी त्यांना ठासून सांगितलं, की माझ्या नवऱ्यानं सात वर्षांपासून थेंबाला हात लावलेला नाही. वाटल्यास आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कोणालाही विचारा, असंही म्हटलं. मी वेडी होते आणि माझा आवाज चांगला खणखणीत होता.

ज्यांच्या घरात पिणारा माणूस आहे आणि त्याच्यासाठी ज्या बाया गुडघे टेकतात, त्यांच्यासाठी मी हे लिहून राह्यले. कोणाची श्रद्धा मोडायला नाही. माझी अजून आहे, पण तिच्या तोंडाची चव कडू झाली आहे.

आमच्या ह्यांचं नाव दिलीप. पांढरकवड्याजवळ हायवेवर त्यांचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. आधी ट्रक चालवायचे, नागपूर ते हैदराबाद. तेव्हा बम, म्हणजे बेसुमार, प्यायचे. मग आम्ही प्रभूकडे आलो, ख्रिस्ती झालो. चर्चच्या पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि ह्यांची दारू सुटली. खरंच सुटली होती. त्याच्या दुसऱ्याच रविवारी पाळकांनी ह्यांच्या हातात माइक दिला.

आमच्यात साक्ष देण्याची पद्धत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. ह्यांची साक्ष लोकांना फार आवडली. बोलतातही चांगले, ट्रकवाल्याचं बोलणं. पाळक त्यांना घाटंजीला नेत, केळापूरला नेत, पाड्या-पोडांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, नेत. 'वासनेतून सुटलेला माणूस' म्हणून ओळख करून देत. मी पुढच्या रांगेत बसायची आणि सगळ्यांच्या आधी आमेन, म्हणजे 'हे खरं आहे', म्हणायची.

दुखणं सुरू झालं पायापासून. जॅक सरकला आणि ट्रकचं चाक नडगीवर आलं. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. टिबिया फ्रॅक्चर, म्हणजे नडगीचं हाड मोडलं होतं. सूज उतरली की ऑपरेशन करून आत रॉड टाकू, तोवर स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, असं डॉक्टर म्हणाले. नर्सबाईंनी भरती करताना नेहमीचे प्रश्न विचारले. शुगर आहे का, बीपी आहे का, दारू घेता का.

पाळक त्यांच्या गाडीनं आम्हाला घेऊन आले होते. ह्यांनी तोंड उघडायच्या आत तेच बोलले, "सिस्टर, हा माणूस तर चालतीबोलती साक्ष आहे. याच्यासमोर दारूचं नाव नका घेऊ."

ह्यांनी डोळे मिटून मान हलवली. मला वाटलं पाय दुखतोय.

दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. घाम इतका, की चादर बदलावी लागली. आम्ही समजलो ऑपरेशनची भीती आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी ते चादरीवरून किडे वेचायला लागले. किडे नव्हतेच. मग क्लीनरला हाका मारू लागले, "चाकाखाली उटी लाव, गाडी मांगं सरकून राह्यली." मला ओळखेनात. पाळक आणि मंडळीतले चौघं भेटायला आलेले होते. पाळकांनी सांगितलं, हा शत्रूचा हल्ला आहे. शत्रू म्हणजे सैतान. सगळ्यांनी पलंगाभोवती उभं राहून हात ठेवले, कपाळाला तेल लावलं आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. मीही केली. आमच्या वऱ्हाडात म्हणतात ना, रोग हाल्याले अन् इंजेक्शन पखालीले, म्हणजे दुखणं रेड्याला आणि सुई त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीला, तशातली गत.

त्या आवाजानं ते आणखी बिथरले. सगळ्यांना ढकलून पलंगावरून उतरले आणि मोडक्या पायावर उभे राहिले. हाड कातडी फाडून बाहेर आलं. तो आवाज मी विसरू शकत नाही, त्याचं वर्णनही करणार नाही.

डॉक्टर धावत आले, जखम बांधली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग मला तो प्रश्न विचारला.

मी नाही म्हणाले तरी ते चिडले नाहीत. म्हणाले, रक्ताच्या रिपोर्टात लिव्हर सुजलेलं दिसतंय, एकदा खात्री करून सांगा, पण लवकर. तिकडे पाळक जिन्यापाशी थांबलेले. म्हणाले, "सुमनबाई, इथं गुंगीची इंजेक्शनं देतील अन् याचं डोकं कायमचं जाईल. तुम्ही डिस्चार्जच्या कागदावर सही करा, आपण प्रार्थनाघरात नेऊ. उपास-प्रार्थना करू." गाडी दाराशी लावून ठेवली होती.

मी आधी गजाननभाऊंना फोन लावला. त्यांची चहाची टपरी आमच्या दुकानाला लागून आहे. विचारलं, "भाऊ, हे पितात का?"

ते म्हणाले, "वहिनी, रोजच घ्यायचा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. घरी जाच्या आधी लवंग चावे. सगळ्या लाइनले माहीत आहे. तुमच्या मंडळीलेच माहीत नव्हतं."

हायवेवरून जाणाऱ्या परक्या ड्रायव्हरांना जे माहीत होतं, ते मला माहीत नव्हतं. मी पाळकांकडे गेले. ते सगळं ऐकून घाबरल्यासारखे झाले, आणि पहिलं वाक्य काय बोलले? "हे डॉक्टरांपाशी बोलू नका. लोकांच्या कानावर गेलं तर किती जणांचा विश्वास डळमळेल."

माझा नवरा आत मरायला टेकला होता आणि पाळकांना विश्वासाची पडली होती. मी त्यांच्यादेखत, मंडळीतल्या चौघांदेखत, डॉक्टरांना मोठ्यानं सांगितलं, "रोज पितात. सकाळपासून पितात. करा जे करायचं ते." सही मी केली, पण ऑपरेशनच्या कागदावर.

लोराझेपाम नावाचं इंजेक्शन दिलं. ते दारूच्या जागी मेंदूला शांत ठेवतं, मग हळूहळू कमी करतात. थायमिन दिलं, ते एक जीवनसत्त्व आहे, पिणाऱ्याच्या अंगात उरत नाही. पायाचं ऑपरेशन झालं, पण उघड्या जखमेत पू झाला, पुन्हा उघडावी लागली, पुन्हा साफ केली. हाडाचा तुकडा काढावा लागला. आज तो पाय आखूड आहे. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर औषध आधीच सुरू झालं असतं आणि पाय बहुतेक सरळ राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. मला हे कोणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पाय कसा आहे ते नाही विचारलं. विचारलं, "कोणाकोणाले माहीत झालं?"

मी म्हटलं, "सगळ्यायले."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला त्यांची दया आली नाही. सात वर्षं मी या माणसाच्या नावानं देवाची स्तुती केली होती. मी म्हटलं, "काहून केलं असं? मले तरी सांगाचं होतं."

ते भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलले. "तीन महिने खरंच इच्छा नव्हती, सुमन. मंग घाटंजीले साक्ष देऊन राह्यलो होतो, अन् बोलता बोलताच घसा मागाले लागला. हातात माइक. सभा सुटल्यावर पाळकाले सांगतलं, मले अजून वाटते. तर ते म्हणे, हे तोंडातून काढू नको. बोललास की सैतानाले जागा भेटते. सुटलो, असंच म्हणत राह्य, म्हणजे सुटशील."

"मंग?"

"मंग मी म्हणत राह्यलो. अन् पीत राह्यलो."

मला पाळकांचा राग आहे आणि तो मी झाकणार नाही. ते वाईट मनुष्य नाहीत. आमच्या पोरीच्या तापात रात्रभर बसलेले आहेत. पण भुकेल्या माणसाला 'पोट भरलं' असं म्हणायला लावून कोणाचं पोट भरत नाही. पापाची इच्छा एका प्रार्थनेत मरते असं त्यांनी शिकवलं, आणि ज्याची मेली नाही त्याला लपायला लावलं. आम्ही बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर पाळक एकदा आले. म्हणाले, पुढच्या रविवारी साक्ष द्या, अपघात झाला आणि देवानं जीव वाचवला, एवढंच सांगा. हे म्हणाले, "सांगीन तं सगळं सांगीन." पाळकांनी चहा घेतला आणि गेले. पुन्हा बोलावणं आलं नाही. आम्ही विश्वासात मागे पडलो, असं मंडळीत म्हणतात म्हणे. माइक आता केळापूरच्या मंडळीतल्या एका भावाकडे आहे. त्याची बायको बाजारात भेटते, फार आनंदात असते. मला तिच्याकडे बघवत नाही.

यवतमाळला दर महिन्याला व्यसनमुक्तीच्या ओपीडीत जातो. गोळ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, क्रेव्हिंग, म्हणजे अनावर इच्छा, येत राहील, ती आली की एकटं राहू नका, कोणाला तरी सांगा. एवढी साधी गोष्ट. आमच्या धर्मातही आपली पापं एकमेकांजवळ बोलायला सांगितलेलीच आहेत, ती आम्हाला ओपीडीत ऐकावी लागली.

परवा दुपारी दुकानातून फोन आला. "सुमन, आज लय वाटून राह्यलं. येतं का?"

मी भाजी तशीच टाकून गेले. ते टायरच्या ढिगापाशी बसलेले, कुबडी बाजूला, तोंड घामानं ओलं. मी उपदेश केला नाही आणि प्रार्थनाही केली नाही. शेजारी बसले, त्यांचा हात धरला. ट्रक जात होते. गजाननभाऊंनी न विचारता चहा पाठवला. तो गार होऊन गेला तरी आम्ही बसलेलो. मग त्यांनी माझ्या हातातला हात सैल सोडला आणि म्हणाले, "गेलं."

मी विचारलं, "कायमचं?"

"नाही वं," ते म्हणाले. "उद्या पुन्हा येईल."

मी आमेन म्हटलं. सभेत इतकी वर्षं म्हणत आले, पण इतकं मनापासून कधी म्हटलं नव्हतं.