‘कशावरून?’ आणि मिठाचे दोन वाफे

नोट्स सांगायचा मला मनस्वी कंटाळा. त्या काळी कॉलेजातला प्राध्यापक म्हणजे सावकाश बोलणारा माणूस आणि विद्यार्थी म्हणजे ते उतरवून घेणारा. राहायला मी ठाण्यात होतो आणि मुंबईच्या एका कॉलेजात इंटरच्या वर्गाला लॉजिक शिकवत होतो. एकदा शिकवताना ठसका लागला म्हणून थांबलो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, खोकल्याच्या आधीचं वाक्य पुन्हा सांगा.”

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवसापासून नोट्स बंद! कुणीही काहीही सांगितलं, अगदी मी सांगितलं तरी, विचारायचं, “कशावरून?” शिकवणं इंग्रजीतच होतं, पण हा प्रश्न मी मुद्दाम मराठीत ठेवला, मुलांना घरी नेता यावा म्हणून.

हौस दांडगी होती हो माझी! वर्ग मात्र ढिम्म. “सर, हे परीक्षेला आहे का?” एवढंच काय ते त्यांचं चिकित्सक चिंतन. अपवाद एकाचा. ठाण्याजवळच्याच कोलशेतकडच्या मिठागरवाल्याचा मुलगा, घराण्यात कॉलेजात पाऊल टाकणारा पहिलाच. तो तासाला चारचार वेळा मला अडवायचा. खरं सांगतो, त्याच्यासाठीच मी वर्गावर जात होतो.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी त्याचे वडील माझ्या दारात उभे राहिले. उन्हाने रापलेला माणूस, डोक्याला फडकं. मागे चिरंजीव, मान खाली घालून.

“मास्तर, जूनपासून पोर येनार नाय. सांगाया आलो.”

मी घाईने खुर्ची पुढे ओढली. “अहो, असं काय करता? बसा तरी!”

ते बसले आणि सांगू लागले. अमावास्येच्या सकाळी त्यांनी मुलाला सांगितलं होतं, की दुपारच्या उधाणाला बांध टिकायचा नाही, आत्ताच माती घाल. मुलाने विचारलं, “कशावरून?” आणि उत्तराला न थांबता पुस्तक काखोटीला मारून झाडाखाली जाऊन बसला. बाप एकटा किती माती ओढणार? दुपारी बांध फुटला आणि तयार मिठाचे दोन वाफे खाडीत गेले.

“दोन वाफं, मास्तर! पंधरा दिसांचा घाम. ह्या तुमच्या कालेजापायी.”

मी ओशाळलो, पण गप्प बसेन तर मी कसला? म्हटलं, “नुकसान झालं हे वाईटच. पण प्रश्न चुकीचा नव्हता. अमावास्येला उधाण येतं हे खरं, पण दर अमावास्येला बांध काही फुटत नाही. मग याच वेळी फुटणार, हे...”

“तोच तर सांगतो. चिंबोऱ्यांनी बांधाला...”

“चिंबोऱ्या काय, खेकडेच ते, रोजच असतात. त्यांचा बांध फुटण्याशी संबंध...”

“आन् वारा...”

“वाऱ्याचंही तसंच. एका अनुभवावरून नियम काढणं म्हणजे...”

“अहो, त्यांना बोलू द्याल का जरा!” आतून बायको कडाडली. चहाचे कप घेऊन ती बाहेर आली आणि ते आमच्यापुढे जवळजवळ आदळलेच. “प्रश्न यांचा, उत्तरही यांचंच. घरातसुद्धा हीच तऱ्हा!”

मिठागरवाल्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वळून मुलाकडे. मुलगा कानापर्यंत लाल झाला. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पोराने माझा प्रश्न तर उचललाच होता, वर माझी खोडही उचलली होती.

“बरं,” मी म्हटलं, “कशावरून कळलं तुम्हाला?” आणि दातांवर दात दाबून बसलो.

ते सावकाश सांगू लागले. चिंबोऱ्यांनी खाडीकडून बांध पोखरला होता. भोकं वरवर कोरडी दिसत, पण हात घातला की आत ओल लागे. दोन दिवस वारा खाडीच्या मुखाकडून वर, पाणी आत लोटत होता. आदल्या भरतीचा ओला पट्टा बांधाच्या माथ्यापासून वीतभरच खाली होता, आणि अमावास्येचं पाणी त्याहून चढणार हे ठरलेलं. सहा-सात वेळा माझ्या जिभेवर ‘पण’ आला. सहा-सात वेळा गिळला. चहा पार गार झाला. वर्षभरात माझ्या वर्गात कुणी इतकं स्वच्छ अनुमान मांडलं नव्हतं, आणि हे मी मनापासून म्हणतो, मीही नाही.

त्यांनी गार चहा एका घोटात संपवला आणि उठले. माझा जीव टांगणीला.

“जूनला धाडतो पोराला,” ते म्हणाले. “पन आदी त्याला एक शिकवा.”

“काय?”

“आता तुमी गप बसलाव ना, ता.”