गुरुजींचा हात

वेणा नदीच्या काठच्या त्या गावात दोन पिढ्यांना मिळून एकच अक्षर होतं आणि ते आमच्या गुरुजींचं होतं. सरपंचाचं, दुकानदाराचं, चौथीतल्या पोराचं, कुणाचंही लिखाण पाहा. तोच उजवीकडे कललेला उभा दांडा, तेच 'ळ'चं गरगरीत पोट. सत्तर-बहात्तरच्या सुमारास मी तिथे नवा मास्तर म्हणून गेलो, तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, सारं गाव एकाच माणसाकडून लिहून घेतं.

गुरुजींचे वडील मालगुजाराकडे, म्हणजे गावच्या जमीनदाराकडे, मोडी लिहायचे. त्यांच्याकडून गुरुजींनी एक धावतं वळण उचललं होतं. शब्द एका दमात लिहायचा, मध्ये टाक उचलायचा नाही. "टाक उचलला का शब्दाचा जीव जाते," असं ते पोरांना इतक्या गंभीरपणे सांगत, की एका मुलीने अर्ध्यात टाक उचलला गेला म्हणून शब्दाला नमस्कार केलेला मी पाहिला आहे. शिकवायची रीत एकच. पोराच्या मागे उभं राहायचं, त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची आणि लिहायचं. रोज, प्रत्येकाचा हात धरून, वर्षभर. पुढे गुरुजी हात काढून घेत, पण पोराचा हात तसाच चालत राही. वर्गात एकाच क्षणी सगळे टाक वळायचे, एकाच क्षणी थांबायचे. टाकांची ती कुरकुर ऐकली की दुपारी बारा वाजतासुद्धा माझ्या मानेवर काटा येई.

पोरं स्वतःच बापाच्या नावाने रजेचे अर्ज लिहीत, आणि बापही गुरुजींचाच विद्यार्थी, तेव्हा ओळखणार कसं? गुरुजी डोळे मिटून कागदाच्या पाठीवरून अंगठा फिरवत. "हा पोट्ट्यानं लिव्हला. बापाचा हात जड हाय, वखराचा." कधी चुकले नाहीत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबाला संशय आला, की पोरांचे पेपर मास्तरानेच लिहिले. त्याने सगळ्यांना समोर बसवून लिहायला लावलं आणि ती एकसारखी पानं पाहून त्याला घाम फुटला. शेरेबुकात घाईने सही करू लागला, तर गुरुजी सवयीने मागे गेले आणि साहेबाच्या मुठीवर मूठ ठेवून म्हणाले, "असं नाई बाबू, असं." ती सही मी पाहिली आहे. पहिलं अक्षर साहेबाचं, बाकीची गुरुजींची.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांच्या हाताला कंप सुटला. बशीतला चहा सांडू लागला, तसे ते उजवा हात काखेत दाबून बसू लागले. कुणाला सांगितलं नाही. मी सहामाहीच्या वह्या उघडल्या आणि दचकलो. चौथीतल्या बत्तीस पोरांचं अक्षर थरथरत होतं. एकाला समोर बसवून लिहायला सांगितलं. बोटं दगडासारखी स्थिर, आणि कागदावर मात्र अक्षर सत्तरीच्या म्हाताऱ्याचं.

मी वह्या गुरुजींपुढे ठेवल्या. त्यांनी डोळे मिटले, एकेका पानामागून अंगठा फिरवला.

"मास्तर, हे मी देलं या पोरायले."

"तसं काही नाही, गुरुजी."

"हायच तसं. उद्यापासून यायचा हात तुमी धरा. माहा हात नोका लागू देऊ."

"पण माझं अक्षर म्हणजे..."

"कोंबडीचे पाय हायेत, मले ठाऊक हाय. पर थरथरत तं नाई! सारे नीट करून द्याल, असा शब्द द्या मले."

मी शब्द दिला. त्या दिवसानंतर गुरुजींनी एकाही पोराच्या हाताला स्पर्श केला नाही. दाराशी उभे राहून बघत. उन्हाळ्यापर्यंत पोरांची अक्षरं माझ्यासारखी झाली, म्हणजे वाईट झाली, पण सरळ झाली. गुरुजींनी पुन्हा वह्या तपासल्या. एकतीस होत्या. इंदू मडावी नावाची गोंडाची मुलगी नव्हती. तिचे आईबाप तिला घेऊन दिवाळीनंतरच जंगलच्या कामावर निघून गेले होते. गुरुजींनी सायकलवर चार गावं पालथी घातली. पुढे ते पिपरी मेघेला मुलाकडे राहायला गेले, आणि मी भेटायला गेलो की घोटभर पाण्याआधी विचारत, "सापडली का ते पोरगी?" शेवटच्या आजारातही तेच विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही, याची खंत आजही वाटते.

दहा-बारा वर्षांनी माझी बदली कारंज्याला झाली. जूनमध्ये एक तरुण बाई धाकट्या भावाचं नाव घालायला आली. फॉर्म तिनेच भरायला घेतला. डाव्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला होता, थेंब सांडत नव्हता. उजव्या हाताने तिने लिहिलं, 'मडावी', आणि प्रत्येक अक्षर थरथरत कागदावर उतरलं. पेन एकदाही उचललं नव्हतं.

मी उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. दिलेला शब्द पाळायला हात पुढेही केला.

"काऊन सर? चुकलं का काई?"

एकतीस पोरांच्या हातांतून गुरुजींना मीच काढून टाकलं होतं. या बत्तिसाव्या हाताला माझ्याच्यानं हात लावला गेला नाही.

"नाही बाई," मी म्हणालो, "लिही तू."