दोन सुजा

उबोनच्या दक्षिणेकडील एका तालुका रुग्णालयात औषधांच्या खिडकीमागे काढलेल्या वर्षांत वाराफोनने, म्हणजे घरीदारी सगळ्यांच्या खेमने, एक वाक्य अगणित वेळा उच्चारले होते: "हे सुजेचं औषध नाही, जंतूंचं औषध आहे." थायलंडात अँटिबायोटिकला सरसकट 'सुजेचं औषध' म्हणतात. घसा धरला की ते, जखम चिघळली की ते, भातलावणीनंतर कंबर आखडली तरी तेच. खेमची आईही तसेच म्हणे. विद्यापीठातल्या पहिल्या वर्षी भर वर्गात खेमच्या तोंडून तो शब्द निसटला आणि वर्ग खो-खो हसला. त्या दिवसापासून तिने तो जिभेवरून खरवडून काढला. पुस्तकाप्रमाणे सुजेचे औषध म्हणजे वेदनाशामक गोळी, त्यापलीकडे काही नाही.

खिडकीपाशी चिठ्ठी पोहोचते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो, ही गोष्ट तिला वर्षानुवर्षे सलत राहिली. म्हणून पस्तिशीच्या उंबरठ्यावर नोकरीतून रजा घेऊन ती प्रांताच्या मोठ्या रुग्णालयात संसर्गजन्य रोगांच्या विशेष प्रशिक्षणाला दाखल झाली.

"डॉक्टर व्हायचं होतं तर तेव्हाच व्हायचंस," आई म्हणाली. "आता या वयात दप्तर?"

"मे, मला डॉक्टर नाही व्हायचं. डॉक्टरांना प्रश्न विचारायचेत." तिकडे आईला आणि आईच्या वयाच्या बाईलाही 'मे' म्हणतात.

"म्हणजे भांडायचंय. ते घरीही झकास जमतं की तुला."

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी, लावणीच्या दिवसांत, कोंगमा नावाची साठी उलटलेली शेतकरीण वॉर्डात आली. अंगात ताप फणफणत होता, श्वास उथळ झाला होता. रक्तात मातीचा ताप देणारे जंतू सापडले. चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्यांना हा रोग गाठतो, आणि योग्य औषध लवकर मिळाले नाही तर सोडत नाही. योग्य औषध होते सेफ्टाझिडीम. पण कोंगमाच्या बटव्यातल्या, गावच्या दवाखान्याने दिलेल्या ॲलर्जी कार्डावर एवढेच होते: सुजेचे औषध, चेहरा सुजला, श्वास अडकला.

वॉर्डाच्या डॉक्टर थनातने त्याचा सगळे लावतात तोच अर्थ लावला आणि नोंद केली: पेनिसिलिनच्या कुळाची तीव्र ॲलर्जी. सेफ्टाझिडीम त्याच कुळातले, लांबचे असले तरी. राखीव ठेवलेले जबर औषधही त्याच घराण्यातले. हाताशी उरल्या दुबळ्या गोळ्या, आणि त्यांवर कोंगमा तगेल अशी आशा कुणालाच नव्हती.

सकाळच्या फेरीत खेम पुढे झाली. "डॉक्टर, सुजेचं औषध म्हणजे वेदनाशामक. ही नोंदच चुकीची आहे. सेफ्टाझिडीम सुरू करू या."

थनातने तिच्याकडे रोखून पाहिले. "खेम, माझी आजी सुजेचं औषध म्हणून काय गिळते माहितीये? अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनचंच भावंड. हिचा घसा मिटला तर तू उघडणार?"

खेमच्या प्रशिक्षक विमोन, सगळ्यांच्या 'आचान' म्हणजे शिक्षिका, मध्ये पडल्या. "खेम, हा अर्थ तुला कुणी सांगितला? रोग्याने की पुस्तकाने?"

"पुस्तकाने, आचान."

"तिच्या हातात पुस्तक होतं का?"

खेमचे कान तापले. ज्या शब्दाला हसून तिला गप्प केले गेले होते, त्याच्याच एका अर्थावर ती आज एका बाईचा जीव पणाला लावायला निघाली होती. थनातचा अर्थ ऐकीव होता आणि तिचा पाठ केलेला. विचारले दोघांनीही नव्हते. ती खुर्ची ओढून कोंगमाच्या खाटेशी बसली आणि वॉर्डात कधी न वापरलेल्या आपल्या गावच्या बोलीत म्हणाली, "मे, त्या वेळी काय खाल्लं होतंस गं?"

"अगं, आपल्याकडची दिसतेस! मग मघाशी पोपटासारखं का बोलत होतीस?" कोंगमा धापा टाकत हसली. "सुजेचं औषध खाल्लं. सांगितलं ना सगळ्यांना."

"कसं होतं दिसायला?"

"गोळी. बारकी, गुळगुळीत, गुलाबी. लावणीनं कंबर मोडली होती म्हणून दुकानातून आणली. सांजेला डोळे असे सुजले की लेकीनंही ओळखलं नाही."

शेजारी बसलेली तिची लेक पिआन पुटपुटली, "बेडकासारखी दिसत होतीस."

"तू तशी जन्मल्यापासून दिसतेस."

खेमने हसू आवरले. रंगावरून औषध ठरत नाही आणि कंबरदुखीला इथे लोक अँटिबायोटिकही गिळतात. "त्यानंतर पुन्हा सुजेचं औषध कधी खाल्लं नाहीस?"

"खाल्लं की. गेल्या साली दाढ काढली तेव्हा. काळी-लाल कॅप्सूल, चांगली आठवडाभर."

"आणि काही झालं नाही?"

"काय व्हायचंय?"

"अगं मे, पण तुला सुजेच्या औषधाची ॲलर्जी ना?"

कोंगमाने कीव केल्यासारखे पाहिले. "पोरी, ते दाताच्या सुजेचं. हे कमरेच्या सुजेचं. दोन वेगळ्या सुजा! एवढं शिकलीस, आणि हे नाही कळत?"

आता खेमने ऐकीव काहीच मानायचे नाही असे ठरवले. दाताच्या दवाखान्यात फोन लावून काळी-लाल कॅप्सूल अमॉक्सिसिलिनच होती आणि कार्डानंतरचीच होती, याची खातरी केली. पिआनने दुकानदाराला फोन केला. गुलाबी गोळीचा डबा अजून तोच होता. त्याने अडखळत नाव वाचले. डायक्लोफेनॅक, म्हणजे वेदनाशामक.

थनातने सगळे ऐकले, दोनदा उलटतपासणी केली आणि म्हणाला, "आधी थोडा डोस. मी इथेच थांबतो."

"मीही," खेम म्हणाली.

थोडा डोस गेला. चेहरा तसाच, श्वास तसाच. मग पूर्ण बाटली लागली. थनात जुनी नोंद खोडू लागला तेव्हा खेमने त्याला थांबवले.

"नुसती खोडू नका. त्या जागी डायक्लोफेनॅक लिहा."

"लिहितो की, घाई काय?" म्हणता म्हणता थनातचा हात थबकला. कोंगमा कंबर दुखते म्हणून कण्हत होती, म्हणून दुपारी त्यानेच डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनची सूचना दिली होती. परिचारिका ट्रे घेऊन खाटांच्या रांगेतून येतही होती.

खेम उठली. सिरिंजवरचे नाव वाचायलाही ती थांबली नाही, ट्रेवर आडवा हात ठेवून म्हणाली, "हे नाही."

"डॉक्टरांनी लिहिलंय," परिचारिका म्हणाली.

"डॉक्टरांनी आत्ताच खोडलं," थनात मागून म्हणाला.

जंतूंच्या औषधापासून कोंगमाला राखताना सगळ्यांनी कमरेच्या सुजेचे दार उघडे टाकले होते. खेमने नवे कार्ड लिहायला घेतले. औषधाचे नाव, रूप, काय झाले. आणि खाली, गावच्या बोलीत, कोंगमा ज्या शब्दांत सांगते त्याच शब्दांत: कमरेच्या सुजेचे चालत नाही, दाताच्या सुजेचे चालते.

"आचान, असं लिहिलेलं चालेल?" तिने विचारले.

विमोन यांनी वाचले. "पुस्तकात बसत नाही."

"ठाऊक आहे," खेम म्हणाली आणि सही केली.