सुऱ्या, शेवग्याचा ओंडका आणि निरवांगीचं स्थळ

एक किस्सा सांगायला घ्यावा तर दुसरा म्हणतो, मी आधी! आमच्या सणसरच्या परसात सुरीफेकीचे असे किती साठलेत, मोजले नाहीत.

सुरुवात शेजारच्या नंदानं केली. मोबाईलवर एक बाई लांबून सुरी फेकून लाकडात रुतवत होती. नंदा म्हणाली, "हिचं काय कौतिक? आपुन जन्मभर सुरीच धरली की!"

झालं! ती, मी आणि माझी जाऊ शोभा, तिघी परसात उभ्या.

मालक ओरडले, "अगं, स्वातीला निरवांगीचं स्थळ आलंय! त्यांनी हे बघितलं तर मोडलंच समज!"

लेकीला तो मुलगा मनापासून आवडलेला. म्हणून तेवढं एक वाक्य मला लागलं. बाकी मी कुणाचं ऐकत नाही.

*

पहिला ओंडका बाभळीचा. म्हटलं, टिकंल. टिकला! शोभाची सुरी त्यावर आपटली आणि दुप्पट जोरानं माघारी आली. तिघी तीन दिशांना. सुरी मालकांच्या, तारेवर वाळत घातलेल्या लेंग्यातनं आरपार!

मालक म्हणाले, "आन् मी आत असतो तर?"

नंदा म्हणाली, "भावजी, तुमी तारेवर कशाला बसताय?"

मग वाऱ्यानं पडलेल्या शेवग्याचा ओंडका आणला. मऊ. सुरी बरोबर रुतती.

*

हात कापू नये म्हणून सुऱ्यांच्या कडा दगडावर घासून बोथट केल्या. फेकायला नुसतं टोक लागतं. त्यातली एक चुकून स्वयंपाकघरात गेली. मालक तिनं टोमॅटो कापायला बसले. घाम आला, टोमॅटो काही कापंना.

"बाजारात रबराचे टोमॅटो आलेत," म्हणाले.

*

रांगोळीनं रेघ मारली. सगळ्या सुऱ्या फेकून झाल्याशिवाय रेघेपलीकडं कुणी जायचं नाही, हा कायदा. सासूबाई कोंबड्या हाकत मधनंच निघाल्या.

"आत्या, थांबा!"

"मला कायदा शिकवती? घर माझं, कोंबड्या माझ्या!"

आम्ही सुऱ्या खाली धरून गप उभ्या. ते बघून त्यांना गोडीच लागली. रोज मुद्दाम सावकाश जायच्या. शेवटी मी त्यांच्या हातात शिट्टी दिली, म्हटलं, आता तुमीच अंपायर. तेव्हापासून दूधवाला दोनदा हात वर करून उभा राहिलाय!

*

आणि निरवांगीचे पाहुणे न सांगता आले! ओंडका पक्का पुरलेला, हलेना. शोभानं घाईघाईत त्यावर हिरवं लुगडं टाकलं.

मुलाची आई हात धुवायला परसात गेली. मी मागनं पळाले. बघते तर बाईंनी चपला काढलेल्या, पदर डोक्यावर. लुगड्यापुढं वाकून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या.

"कुठली देवी म्हणायची ही?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मालक मधी घुसले, हात जोडून!

"नाव नका इचारू, ताई. लई कडक हाय!"

लग्न ठरलं. परवा विहीणबाईंचा फोन आला. "लग्न जमावं म्हणून तवाच नवस बोलले होते. देवीला काय वाहू? खण-नारळ चालंल?"

मी म्हटलं, "खण नको, नारळ नको. सुऱ्या आणा. चार."