वाळूने घासलेला पडदा

रोझलिडा माझी सवत. थोरली. नवरा गेला, पण आमचं भांडण काही गेलं नाही; एका अंगणात दोन झोपड्या, दुसरं काय होणार? ती माहेरची उयोमाची, आणि तिकडच्या बायका पातेली वाळूने अशी घासतात की तोंड दिसलं पाहिजे. माझ्या पातेल्यात वाकून म्हणायची, "धाकटे, यात तुझं तोंड दिसत नाही तेच बरं आहे."

तिला जगात एकच माणूस उरलं होतं, नात अविती. दिवसभर 'दानी, दानी' करत आजीच्या मागे; आमच्यात आजीला दानीच म्हणतात. पोरीच्या आईबापांना पटकीने नेलं, सरोवराच्या पाण्याने. म्हणून शहरातल्या कॉलेजवाल्यांनी किनाऱ्यावर पाणी गाळायची टाकी बसवली, तेव्हा ती सांभाळायला रोझलिडाच पुढे झाली. "माझी पोर आता सरोवराचा घोटसुद्धा पिणार नाही," म्हणाली.

टाकीत कागदासारखे पातळ पडदे होते. पाणी त्यातून झिरपायचं, रोगाचे जंतू अलीकडेच अडायचे. पण आमचं सरोवर हिरवंगार. थोड्याच दिवसांत पडद्यांवर बुळबुळीत थर चढला आणि धार करंगळीएवढी झाली. कॉलेजची अपोंडी बजावून गेली होती, "दानी, थर चढला की तो धुवायला नुसतं उलट्या बाजूने पाणी सोडायचं. हात लावायचा नाही."

पण असल्या बुळबुळीतलं पाणी नातीला पाजायचं? रोझलिडाला ते पटेना. पडदे काढून ती किनाऱ्यावर बसली आणि वाळूने खसाखसा घासायला लागली. मी मासळी वाळत घालत होते.

"अगं बाई, ती पोरगी नको म्हणून गेलीय ना?"

"तू गप बस. तुला घासणं कधी जमलंय?"

आणि काय धार लागली म्हणता! सगळं गाव कॅन घेऊन धावलं. रोझलिडाच्या हाताला गुण आहे, असं जो तो म्हणायला लागला. मीही म्हटलं, मनातल्या मनात.

आठवडा झाला नाही तोच गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आम्ही मोठी माणसं तगलो. अविती दवाखान्याच्या वाटेवर, नावेतच गेली, आजीच्या मांडीवर.

अपोंडी आली आणि तिने टाकीतला पडदा काढून उन्हात धरला. वाळूचे ओरखडे आरपार गेले होते. रोझलिडाला कळलं. "तिच्यासाठीच घासला गं," म्हणाली. जळो मेला तो पडदा! जन्मभर जिच्याशी भांडले, तिचं डोकं मी कुशीत घेतलं आणि दोघी रडलो.

पुढच्या वर्षी अपोंडीने नवे पडदे आणले. त्यांना असा लेप दिला होता की शेवाळ धरतच नाही. काही दिवस टाकीत ठेवलेला एक पडदा तिने काढून दाखवला. रोझलिडाने त्यावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

"म्हणजे हा घासावा लागत नाही?"

"नाही, दानी."

"मग पोरी, आधी का नाही आणलास?"

अपोंडीने मान खाली घातली. "तेव्हा तो तयार नव्हता, दानी."

"माझी अविती तरी कुठे तयार होती गं जायला?"