अविनाशचा कच्चा आवाज

कंपनीची बस कतारमधल्या रास लफानला पोचली, सगळे उतरले आणि अविनाश कानात इअरफोन घालून खिडकीशी बसून राहिला. गाण्यात बुडाला असेल म्हणून कुणी हटकलं नाही. ड्रायव्हरने खांद्याला हात लावला, तेव्हा सगळं संपलं होतं... मला फोन आला तेव्हा मी अल खोरच्या खोदलेल्या रस्त्यावर अडकलो होतो. फुटबॉलचा वर्ल्ड कप येणार म्हणून सगळा देश नवा होत होता आणि माझा मित्र गेला होता. मला त्या डायव्हर्जनच्या बाणांचासुद्धा राग आला.

अविनाश नाशिकचा, पेशाने इंजिनिअर. बसच्या लांबलचक फेऱ्यांत तो फोनवर गाणी रचायचा. त्याच्या पहिल्या ॲपमध्ये चारच ट्रॅक मावत: तबला, पेटी आणि दोन आवाज. त्यातून त्याची एक पद्धत पडली. आधी तो स्वतः अख्खं गाणं गाऊन ठेवायचा, म्हणजे आम्हा बेसुऱ्यांना ते ऐकत मागोमाग गाता यावं. आमचं गाऊन झालं की पुढच्या आवाजाला जागा करायला आपला तो ‘कच्चा आवाज’ पुसून टाकायचा. त्याच्या बेडरूममध्ये एसी बंद करून आम्ही घामाघूम होत गायचो. "सम इकडे आहे, तू कुठे निघालास? यल्ला, चल, परत ये," असं मला हमखास ऐकावं लागे. पुढे फोन बदलले, ॲप सुधारलं, हवे तितके ट्रॅक मिळू लागले, एसीची घरघरही एका बटणावर जाऊ लागली. पुसायची सवय मात्र गेली नाही. "राहू दे की, तुझाच आवाज सगळ्यांत बरा आहे," मी म्हणायचो. "अरे, पंगतीत आचारी बसतो का?" म्हणून तो हसायचा.

वर्ल्ड कपसाठी आमच्या मराठी मंडळाने बसवलेलं स्वागतगीत हे त्याचं शेवटचं काम. आमचे आवाज आदल्याच आठवड्यात भरून झाले होते. दिवसकार्य उरकून वहिनी नाशिकहून परतल्या आणि त्यांनी मला बोलावलं. "भाऊजी, मला अवीचा आवाज हवाय. बोलण्याचे व्हिडिओ आहेत हो. गाण्याचा हवाय."

मी अविनाशच्या फोनवरचं एकेक गाणं उघडत गेलो. सगळ्यांत मी होतो, जोशी होते, वसईची ग्रेस होती. अविनाश कुठेच नव्हता. कलावंत कलेतून उरतो म्हणतात... साफ खोटं आहे. उरलो आम्ही, बेसूर. हे वहिनींना कुठल्या तोंडाने सांगायचं? शेवटी सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी फोन घेतला, स्वागतगीत लावलं आणि प्रत्येक ट्रॅकसमोरचं आवाज बंद करायचं बटण दाबत गेल्या. तबला गेला, पेटी गेली, ग्रेस गेली, जोशी गेले, मग मी.

"आई, देअर्स नथिंग लेफ्ट," त्यांची सई हळूच म्हणाली.

"थांब गं जरा. ही त्याची जागा आहे."

गाणं संपायला अजून अवकाश होता. वहिनी फोन कानाशी धरून ते शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.