मागं जाणारी स्कूटर

नवरा मिस्त्री होता. नांदेडला त्याचं गॅरेज होतं आणि तीस वर्षं मी त्याला पाने देत बसले, कारण त्याच्या तोंडापुढं कामाचा माणूस टिकत नव्हता. शाळा चौथीपर्यंत झाली, कार्बोरेटर मात्र पूर्ण शिकले. तो गेला, गॅरेज विकलं आणि मी मुदखेडजवळच्या गावी लेकाकडं आले. येताना त्याची जुनी दोन स्ट्रोकची स्कूटर आणली. ती पाच वर्षं गोठ्यात पडून होती.

एके दिवशी लेक म्हणाला, "माय, सोमवारी भंगारवाला येऊन राहिला. स्कूटर देऊन टाकतो."

"चालू झाली तर?"

"झाली तर ठेव."

मला ती हवीच होती. बाजाराला जायचं तर लेकाला तीनदा विचारावं लागे आणि तिन्ही वेळा तो मोबाईलकडं बघूनच 'हाव' म्हणे, उठत मात्र नसे.

शनिवारी कार्बोरेटर उतरवला. तळाला जुनं पेट्रोल गुळाच्या पाकासारखं चिकटलं होतं. जेटचं बुजलेलं भोक तांब्याच्या बारीक तारेनं मोकळं केलं. मग ठिणगी पाडणारे पॉइंट घासायला त्यांच्यावरचा चाकासारखा मॅग्नेट काढला. पॉइंटची आतली प्लेट नेमकी कुठं बसते त्याची खूण राहावी म्हणून कुंकवाचं बोट लावलं, प्लेट सोडवली आणि सगळं पेट्रोलात स्वच्छ धुतलं. कुंकूसुद्धा.

प्लेट अंदाजानं बसवली. रविवारी सकाळी शेजारी राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंना म्हटलं, "बसा मागं. मुदखेडला बाजाराला जाऊ."

"आगं, आपलं वय काय पडायचं हाय का?"

"वय न्हाई, पण बाजार हाय. बसा."

त्या बसल्या. मी किक मारली. किकनं उलट माझ्याच पायाला लाथ घातली, पण इंजिन सुरू झालं. मी पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि स्कूटर मागं निघाली. घाबरून रेस वाढली, तशी ती आणखी जोरात मागं. म्हशीनं वाट दिली. आम्ही तुराट्यांच्या ढिगात घुसलो. जाऊबाई आधी पोचल्या, मी नंतर.

ढिगातून त्यांचा आवाज आला, "मुदखेड आलं का?"

तुराट्या टोचत होत्या, पाय सुजत होता आणि आम्ही दोघी तिथंच पडून हसत होतो. लेक धावत आला. "माय, सोड आता. भंगारच हाय ते."

"भंगार मागं जातं का रे?" मी म्हटलं. चूक माझी होती. टाइमिंग फार पुढं जाऊन ठिणगी लवकर पडली की असलं इंजिन कधीकधी उलटं फिरतं.

प्लगच्या भोकात उदबत्तीची काडी उभी धरून पिस्टन कुठवर येतो ते पाहिलं. पॉइंटच्या फटीत पतंगाच्या कागदाची पट्टी अडकवली आणि मॅग्नेट हातानं हळूहळू फिरवला. पट्टी सुटते तेव्हाच ठिणगी पडते, म्हणून पिस्टन माथ्यावर यायच्या जरासं आधी ती सुटायला हवी. तीनदा सगळं काढून प्लेट सरकवली, चौथ्यांदा बरोबर सुटली. या वेळी खूण खिळ्यानं ओरखडली.

दुपारी दुसऱ्या किकला चालू. जाऊबाई पदर खोचून जवळ आल्या.

"आधी सांग, तोंड कुन्या बाजूला करून बसू?"

मुदखेडला रेल्वेचं फाटक बंद होतं. इंजिन बंद करायची माझी हिंमत झाली नाही. शेजारचा मोटारसायकलवाला आमच्याकडं टक लावून बघत होता. जाऊबाई त्याला म्हणाल्या, "आमची मागं बी जाती."

सोमवारी भंगारवाला आला. लेकानं त्याला जुना कूलर दिला. आम्ही दोघी घरी नव्हतो.